माशांच्या खाद्याचं संशोधन लॅबमधून पोत्यात कसं आणायचं: कोल्हापूरकरांसाठी

माशांचं नवीन खाद्य शोधणारे आपल्याकडं कमी नाहीत. कुठल्याही झूऑलॉजी डिपार्टमेंटला जावा, कुणीतरी अझोला घालून बघितलेलं असतं, कुणी रेशीमकिड्याचे प्युपे घालून, कुणी शेवग्याचा पाला वाळवून, आणि प्रत्येक रिपोर्टात शेवटी तेच वाक्य की हे खाद्य किफायतशीर ठरू शकतं. ठरू शकतं म्हणजे ठरलेलं नाही. कारण त्या रिपोर्टापासून दुकानातल्या पोत्यापर्यंत मधे जी चार-पाच माणसं लागतात ती एकमेकांना ओळखतच नाहीत. प्रोफेसरला मिलवाला माहीत नाही, मिलवाल्याला माशाचं पोट माहीत नाही, आणि तळेवाला आंध्रातून आलेलं पोतं उधारीवर उचलून मोकळा.

ह्या सगळ्यांना एका टेबलावर आणून त्यातून विकता येईल असा माल कसा काढायचा ते सांगतो. विज्ञान त्यात आहेच, पण अर्ध्याहून जास्त काम हिशेबाचं आणि कागदाचं आहे, आणि ते आधी झालं नाही तर संशोधन कितीबी भारी असूदे, फाइलीतच राहतंय.

आधी गिऱ्हाईक मोजा

प्रोटीन किती टक्के ठेवायचं ह्याच्या आधी पोती किती खपणार ते बघा. गणित सोपं आहे. एक एकराचं तळं धरा, ४००० बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली, ८० टक्के जगली आणि सरासरी १ किलोची झाली, तर ३२०० किलो मासा निघाला. १ किलो मासा वाढायला दीड किलो खाद्य लागलं असं धरलं (ह्यालाच एफसीआर म्हणतात, इथं तो १.५) तर खाद्य झालं ४८०० किलो. आता दिवसाला २ टन काढणारी छोटी मिल वर्षातले २५० दिवस चालली तर ५०० टन माल होतो. ५०० ला ४.८ नं भागा, १०४ एकर येतात. म्हणजे गोळी खाद्य रोज टाकणारी शंभरेक एकर तळी तुमच्या टप्प्यात पाहिजेत, आणि ती सगळी तुमचंच पोतं घेणारी पाहिजेत. जे होत नसतं.

इथं बरेच जण राधानगरी, काळम्मावाडी, तुळशीचं पाणी बघून हुरळतात. एवढं पाणी, एवढा मासा, किती खाद्य लागंल! अहो पण मोकळ्या धरणात मच्छीमार संस्था बीज सोडते आणि मासा पाण्यातल्या नैसर्गिक अन्नावर वाढतो, तिथं पोतं कोण ओतणार? तुमचं खरं गिऱ्हाईक म्हणजे शेततळेवाले, पिंजऱ्यात पंगस-तिलापिया करणारे आणि बायोफ्लॉकवाले (टाकीत जिवाणूंच्या पुंजक्यांच्या मदतीनं दाट मासे वाढवणारे). ह्यांची यादी करायची, गावाप्रमाणे, कुठला मासा करतात, आज कुठलं खाद्य घेतात, रोखीनं का उधारीनं. कोल्हापुरात पुरं पडत नसेल तर सांगली आणि उजनीकडचा सोलापूर भाग पण धरा. ही यादी करायला प्रोफेसर नको, मोटरसायकल आणि चार रविवार मोकळे पाहिजेत. मत्स्यबीज विकणारा माणूस पहिला गाठा, त्याच्याकडं अर्धी यादी तयार असते.

यादी करताना लोक काय विचारतात ते पण लिहून घ्या. शिरोळ तालुक्यात एका काकांना मी प्रोटीन, लायसिन वगैरे समजावून सांगत होतो तर ते म्हणाले, "सर, त्ये टक्के-बिक्के ऱ्हाऊ द्या, पोतं घरपोच कितीला बसतंय आणि मासा कधी निघतोय तेवढं सांगा." ह्याच्यापेक्षा चांगला रिसर्च प्रश्न मला कुठल्या प्रपोजलमध्ये दिसलेला नाही.

कोण कोण लागतंय

चार बाजू. संशोधन करणारा, माल काढणारा, तळ्यावर वापरून बघणारा आणि पैसे घालणारा. पाचवे तुम्ही, को-ऑर्डिनेटर, म्हणजे सगळ्यांचे फोन घेणारा.

संशोधनासाठी शिवाजी विद्यापीठ घरचंच आहे. शुद्ध मत्स्यशास्त्र पाहिजे असेल तर आंबा घाट उतरला की रत्नागिरी, तिथं शिरगावला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय आहे, १९८१ पासूनचं. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, आणि रोहू-कटल्यासाठी भुवनेश्वरची सिफा, म्हणजे गोड्या पाण्यातल्या मत्स्यपालनाची केंद्रीय संस्था. शेतकऱ्यांपर्यंत पोचायला कणेरी आणि तळसंदे इथली कृषी विज्ञान केंद्रं आहेत, आणि जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयात तर जावंच लागतं.

माल काढायला कोल्हापूर म्हणजे लय भारी जागा आहे, कारण गोकुळ-वारणामुळं पशुखाद्याचा धंदा इथं मुरलेला आहे. पेंड कुठली, ओलावा किती, पोतं शिवणारा कोण, गाडीभाडं काय, हे सगळं माहीत असलेली माणसं इथं आयती मिळतात. फक्त म्हशीची मिल म्हणजे माशाची मिल नव्हे, त्यावर खाली सविस्तर येतो.

मीटिंग महिन्यातून एकच, तारीख ठरलेली, जागा ठरलेली. विद्यापीठात ठेवली तर मिलवाला येत नाही आणि मिलमध्ये ठेवली तर प्रोफेसर, म्हणून सरळ तळ्याच्या बांधावर ठेवा, नंतर तांबडा-पांढरा असला की हजेरी पूर्ण भरते. मीटिंगमध्ये काय ठरलं ते त्याच दिवशी ग्रुपवर टाकायचं, कोण काय करणार आणि कधीपर्यंत. आणि सरकारी संस्थेचं वेळापत्रक वेगळं असतं हे मिलवाल्याला पहिल्या दिवशीच सांगा. खरेदी सरकारी जेम पोर्टलवरनं, बिलं मार्च एन्डला, एप्रिल-मे परीक्षा. नाहीतर "तुमचा मास्तर फोनच उचलत नाही" हे ऐकून घ्यायची तयारी ठेवा.

कागद पहिल्या गोळीच्या आधी

हा भाग कंटाळवाणा आहे आणि हाच सगळ्यात महत्त्वाचा आहे. ट्रायल चालू व्हायच्या आधी स्टॅम्पपेपरवर चार गोष्टी पाहिजेत: फॉर्म्युला कुणाच्या मालकीचा, ट्रायलचा डेटा कुणाचा आणि तो कोण छापू शकतो, ट्रायलमध्ये मासे मेले किंवा वाढ कमी झाली तर शेतकऱ्याला भरपाई कोण देणार, आणि माल विकायला लागल्यावर कुणाला किती. मासे चांगले वाढल्यावर ह्या गोष्टी ठरवायला बसलात तर भांडण ठरलेलं, कारण तोपर्यंत प्रत्येकाला वाटायला लागलेलं असतं की सगळं माझ्यामुळंच झालं.

पेटंटचं भूत डोक्यात असेल तर थोडं थांबा. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात कलम ३ (ई) आहे, नुसतं चार पदार्थ एकत्र कालवले आणि प्रत्येकाचा जो गुण आहे तोच बेरीज होऊन आला तर त्याला पेटंट नाही, एकत्र आल्यामुळं काहीतरी जादा परिणाम दिसतोय हे आकड्यांनी दाखवावं लागतं. कलम ३ (आय) प्रमाणं जनावरांचं आर्थिक मूल्य वाढवण्याच्या प्रक्रियेला पण पेटंट नाही, म्हणजे "आमची खाद्य द्यायची पद्धत" ह्यावर पण आशा ठेवू नका. सोया आंबवायची नवीन प्रक्रिया किंवा एखादं नवीन एन्झाइम असेल तर गोष्ट वेगळी. त्यात स्थानिक वनस्पती किंवा जिवाणू वापरला असेल तर जैविक विविधता कायदा २००२ खाली राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडं पण जावं लागतं, ते वकिलाला आधीच विचारा.

आणि पेटंटच्या लायकीचं काही हातात असेल तर तोंड बंद ठेवा! पीएचडीचा प्रबंध शोधगंगेवर (प्रबंधांच्या खुल्या वेबसाइटवर) चढतो, पोस्टर कॉन्फरन्समध्ये लागतं, पेपर छापून येतो, आणि एकदा जगजाहीर झालं की नावीन्य संपलं. कायद्यात काही सवलती आहेत पण त्यांच्यावर विसंबू नका. आधी प्रोव्हिजनल अर्ज टाका, त्यानंतर पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात, त्या काळात विद्यार्थ्याला पाहिजे ते छापू दे. विद्यार्थ्याचं गाइडशी हे बोलणं तुम्ही स्वतः घडवून आणायचं, कारण त्या पोरा-पोरीची डिग्री अडकलेली असते आणि ते मोठ्या माणसांपुढं बोलत नाहीत.

माझं मत विचाराल तर छोट्या मिलसाठी पेटंटपेक्षा ट्रेडमार्क आणि गुपित फॉर्म्युला जास्त कामाचा. ट्रेडमार्क वर्ग ३१ मध्ये करायचा, पशुखाद्य त्यात येतं. प्रीमिक्स (व्हिटॅमिन-मिनरल वगैरेचं आधीच केलेलं मिश्रण) एका ठिकाणी तयार करून बंद पिशवीत मिलला द्या, मिलला बाकीचं मिश्रण कळलं तरी पिशवीतलं कळत नाही.

दुसरा रस्ता म्हणजे सरकारी संस्थेनं आधीच सिद्ध केलेलं तंत्रज्ञान लायसन्सवर घेणं. चेन्नईच्या सीबानं (निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यपालनाची केंद्रीय संस्था) कोळंबीसाठी 'वनामी प्लस' काढलं, सिफानं प्रजननाच्या माशांसाठी 'सिफाब्रूड' काढलं, दोन्ही बाजारात गेली. आयसीएआरची, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेची, ॲग्रीनोव्हेट इंडिया नावाची कंपनीच आहे, २०११ पासून, तंत्रज्ञान उद्योजकांपर्यंत पोचवायला. सुरुवातीला एक फी आणि नंतर विक्रीवर रॉयल्टी, असा साधारण प्रकार असतो. लायसन्स एकट्याला आहे का आणखी कुणालाही मिळणार हे नीट वाचून घ्या.

फॉर्म्युला, आणि त्याला दुसरा फॉर्म्युला

रोहू-कटल्याच्या वाढीच्या खाद्यात प्रोटीन साधारण २५ ते ३० टक्के, तिलापियाला २८ ते ३२, बोटुकलीच्या आधीच्या जिऱ्यांना ३५ च्या वर, आणि मरळ मांसाहारी असल्यामुळं ४० च्या पुढं. हे कुठंबी वाचायला मिळतंय. आपण कच्च्या मालाकडं बघू.

सोया डीओसी (तेल काढलेली सोया पेंड) ४५ टक्के प्रोटीनची आणि कोंडा १३ टक्क्यांचा, तुम्हाला ३० चं मिश्रण पाहिजे. ४५ आणि ३० मधला फरक १५, ३० आणि १३ मधला १७. आकडे तिरके घ्यायचे: डीओसी १७ भाग, कोंडा १५ भाग, एकूण ३२. म्हणजे १०० किलोत डीओसी ५३ आणि कोंडा ४७. ताळा करून बघा, २३.९ अधिक ६.१, बरोबर ३०. मिनरल, तेल, बाइंडर ह्यांना ४-५ किलो जागा ठेवून परत हेच करायचं. प्रत्येक मीटिंगमध्ये हे कागदावर सगळ्यांसमोर करा, मिलवाल्याला एकदा हे समजलं की तो स्वतःच पर्याय सुचवायला लागतो.

पण टक्के जुळले म्हणजे खाद्य झालं असं नाही. प्रोटीन ज्या अमिनो आम्लांचं बनतं त्यातलं मिथिओनिन सोयात कमी, शेंगदाणा पेंडीत लायसिन आणि मिथिओनिन दोन्ही कमी. सोया कच्चा राहिला तर ट्रिप्सिन इनहिबिटर पचन अडवतो, म्हणून नीट भाजलेली, उष्णता लागलेली डीओसीच घ्यायची. धान्या-पेंडीतला बराच फॉस्फरस फायटेटमध्ये अडकलेला असतो, माशाला तो सुटत नाही, मग वरून फॉस्फेट किंवा फायटेज (तो फॉस्फरस सोडवणारं एन्झाइम) घालावं लागतं, नाहीतर फॉस्फरस नुसता विष्ठेतून पाण्यात जातो आणि तळं हिरवं गच्च. शेंगदाणा पेंड आणि मका ओले राहिले की बुरशी येते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते डोळ्याला दिसत नाही आणि भाजून पण नीट जात नाही. आपल्याकडच्या पावसाळी हवेत तर हे विशेष जपायचं, जून ते सप्टेंबर प्रत्येक लॉट तपासल्याशिवाय उतरवून घेऊ नका. ताज्या राइस पॉलिशला पण फार दिवस ठेवू नका, तेल असतं त्यात, खवट होतं.

प्रोटीनच्या रिपोर्टावर आंधळा विश्वास नको. लॅब नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ नं गुणते, तो नायट्रोजन पेंडीतला आहे का युरियातला हे त्या टेस्टला कळत नाही. २००७ मध्ये अमेरिकेत कुत्र्या-मांजरांच्या खाद्यात चीनमधून आलेल्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन सापडलं ते ह्याच खेळातून. स्वस्त पेंड आली की युरियाची वेगळी टेस्ट मागा, फार खर्चाची नसते.

आता भावाचं. ऑगस्ट २०२१ आठवा, सोयाबीनचा दर क्विंटलला १० हजाराच्या आसपास गेला होता आणि पोल्ट्रीवाल्यांच्या मागणीवरून केंद्रानं १२ लाख टन सोया पेंड आयात करायला परवानगी दिली. त्या आधी खूप वर्षांपूर्वी, १९७२-७३ ला, एल निनोमुळं पेरूची अँकोव्ही मासळी कोसळली आणि जगभर फिशमीलचे (वाळवून दळलेल्या मासळीचे) दर भडकले. म्हणून संशोधन करणाऱ्याकडून एक फॉर्म्युला मागूच नका, तीन मागा: सोया स्वस्त असतानाचा, सोया महाग असतानाचा आणि फिशमील न मिळतानाचा, आणि तिन्हीवर ट्रायल घ्या. नॉर्वेनं सॅमनच्या खाद्यातला समुद्री माल १९९० ला ९० टक्क्यांच्या आसपास होता तो २०१३ पर्यंत ३० टक्क्यांच्या आसपास आणला, आणि ते कुणा एका प्रयोगशाळेचं काम नव्हतं, खाद्य कंपन्या, संशोधन संस्था आणि मासे पाळणारे वर्षानुवर्षं एकत्र बसत होते म्हणून झालं.

नवीन प्रोटीन म्हणून काळ्या सैनिक माशीच्या अळ्या आणि रेशीम प्युपे दोन्ही चांगले आहेत. प्युप्यात तेल फार असतं, खवट वास लवकर धरतो, तेल काढलेलेच घ्यावेत. अळ्यांबद्दल मला एकच शंका असते, की वर्षभर रोज तेवढ्याच मिळतील का. ट्रायलपुरत्या १०० किलो कुणीही देतो, महिन्याला ५ टन देणारा दाखवा म्हणावं.

म्हशीच्या मिलमध्ये माशाचं खाद्य

जॉब वर्कवर पशुखाद्याची मिल घ्यायची असेल तर तीन गोष्टी. पहिली, दळण. गुरांच्या खाद्याला जाड भरडा चालतो, माशाला मैद्याजवळ जाणारं पाहिजे, चाळणी मिलिमीटरच्या आतली, नाहीतर गोळी पाण्यात पडल्या पडल्या फुटते. दुसरी, डाय, म्हणजे गोळी पाडायची भोकांची तबकडी. जनावरांच्या गोळीचा डाय ८ मिलिमीटरच्या आसपास असतो, आपल्याला २, ३, ४ पाहिजे, तो वेगळा घ्यावा लागतो. तिसरी आणि सगळ्यात मोठी, आधीच्या लॉटचं उरलेलं. गुरांच्या खाद्यात युरिया असू शकतो, रवंथ करणाऱ्या जनावराला तो थोडा चालतो, माशाला त्याचा काही उपयोग नाही. कोंबड्यांच्या खाद्यात कधी औषध घातलेलं असतं. त्यामुळं आपला माल चालू करायच्या आधी मिक्सरपासून बॅगिंगपर्यंत लाइन नुसत्या कोंड्यानं फ्लश करून घ्या, तो कोंडा आपल्या पोत्यात भरायचा नाही, आणि हे करारात लिहा.

आणि तरंगती गोळी पेलेट मिलमध्ये होत नाही, त्याला एक्स्ट्रूडर लागतो, वाफ आणि दाबानं स्टार्च फुलतो तेव्हा गोळी हलकी होते. मिश्रणात स्टार्च पुरेसा पाहिजे, म्हणून थोडा मका किंवा तांदळाची कणी. एवढ्या उष्णतेत साधं व्हिटॅमिन सी टिकत नाही, स्टेबिलाइज्ड प्रकारच घ्या. पंगस आणि तिलापियाला तरंगती, मृगळ तळाला खाणारा, त्याला बुडणारी चालते.

मिलमधनंच तपासायची सोपी टेस्ट: बादलीत पाणी, त्यात १०० गोळ्या मोजून टाका, अर्ध्या तासानं किती वर आहेत आणि किती आकार धरून आहेत ते बघा. दोन बोटांत दाबली तर मऊ लागली पाहिजे पण चिखल व्हायला नको. पाणी गढूळ झालं तर तुमचे पैसे पाण्यात विरघळलेत. प्रत्येक लॉटला हे करायचं आणि वहीत लिहायचं. ओलावा १० टक्क्यांच्या आसपास, १२ च्या वर पोतं शिवायचंच नाही. मिलवाला ५० किलोसाठी लाइन थांबवत नाही हे पण लक्षात ठेवा, लॅब बॅच वेगळी, मिलची पहिली बॅच निदान टनाची धरा, बजेट तसं करा.

ट्रायल, म्हणजे खरं काम

दोन टप्पे. आधी टाक्या, मग तळी.

टाक्यांमध्ये प्रत्येक खाद्याला कमीत कमी तीन टाक्या. एका खाद्याला एक टाकी ठेवून "२० टक्के जास्त वाढ" म्हणणारे रिपोर्ट मी बाजूला ठेवतो, ती वाढ खाद्यामुळं का त्या टाकीत ऊन जास्त पडतंय म्हणून हे सांगता येत नाही. सगळे मासे एकाच लॉटचे, जवळजवळ एकाच वजनाचे, आधी आठवडा-दोन आठवडे नवीन जागेची सवय, मग किमान ८ आठवडे. सगळ्या खाद्यांचं प्रोटीन आणि ऊर्जा सारखी ठेवायची, फरक फक्त जे तपासायचं त्यात. आणि तुलना कशाशी? पुस्तकातल्या फिशमीलवाल्या आदर्श खाद्याशी नको, शेतकरी आज जे पोतं घेतोय त्याच्याशी. हा मुद्दा प्रोफेसर लोकांना पटवायला वेळ लागतो पण सोडू नका. त्यांच्या पेपरला आदर्श खाद्य पाहिजे असेल तर दोन्ही ठेवा.

तळ्यावर कोल्हापूरचा हंगाम बघून तारखा धरा. डिसेंबर-जानेवारीत पाणी गार पडतं आणि रोहू-कटला खाणं कमी करतो, त्यात काढलेला एफसीआर तुम्हालाच फसवतो. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या काठाला ट्रायल लावायची नाही, २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेल्याला हे सांगायला नको. फेब्रुवारी ते जून किंवा पाऊस ओसरल्यावर लगेच, हे दोन काळ बरे.

तळं मातीचं का प्लास्टिकचं हे पहिल्या कॉलमात लिहा. मातीच्या तळ्यात प्लवंग, किडे, सगळं नैसर्गिक अन्न असतं, तिथं कमी प्रोटीनचं खाद्य पण चांगला रिझल्ट दाखवतं. अस्तर घातलेल्या शेततळ्यात किंवा पिंजऱ्यात माशाला तुमच्या गोळीशिवाय फारसं काही नाही, व्हिटॅमिन-मिनरल कमी पडलं की तिथं लगेच दिसतं. मातीच्या तळ्यातला रिझल्ट दाखवून अस्तरवाल्याला माल विकला तर तो पुढच्या वर्षी गावात तुमचं नाव घेऊन काय बोलंल ते सांगत नाही.

पोती साधी, नाव नसलेली. आम्ही ए आणि बी सुद्धा लिहीत नाही, लोकांना ए म्हणजे चांगलं वाटतं, त्यापेक्षा तोंड शिवायचा दोरा वेगळ्या रंगाचा, एक लाल एक निळा. कुठला दोरा कुठल्या खाद्याचा ते फक्त मिलच्या वहीत आणि एका बंद पाकिटात. शेतकऱ्याला माहीत नसलं की तो दोन्ही तळ्यांना सारखाच जीव लावतो.

नोंदी एका पानावर बसल्या पाहिजेत: तारीख, किती किलो टाकलं, किती मेले, सकाळचं पाण्याचं तापमान, जमलं तर डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन). दर पंधरा दिवसांनी फेकजाळं टाकून मासे काढायचे, वजन करायचं, परत सोडायचं, आणि वजनाच्या दिवशी आदल्या संध्याकाळचं खाद्य बंद. वहीचा फोटो रोज संध्याकाळी ग्रुपवर. महिनाभराची वही एका बैठकीत भरलेली लगेच ओळखू येते, सगळ्या ओळी एकाच पेनानं आणि आकडे सगळे शून्यावर संपणारे. असल्या तळ्याचा डेटा प्रेमानं बाजूला ठेवा, भांडू नका, पुढं तोच माणूस गिऱ्हाईक आहे.

किंमत: पोत्याची नको, किलो माशाची सांगा

समजा बाजारातलं पोतं किलोला ४२ रुपयांनी पडतंय आणि त्याचा एफसीआर १.६ आहे, तर १ किलो माशाला खाद्य लागलं ६७ रुपयांचं. तुमचं खाद्य ३८ ला आहे पण एफसीआर १.९, तर लागले ७२ रुपये. ४ रुपये स्वस्त पोतं शेतकऱ्याला ५ रुपये महाग पडलं. मासे पाळायच्या खर्चात निम्म्याहून जास्त खर्च खाद्याचा असतो, म्हणून हा एक आकडा सगळ्यात आधी काढायचा, आणि संशोधन पुढं न्यायचं का इथंच थांबवायचं ते ह्याच्यावर ठरवायचं. थांबवायचं ठरलं तर थांबवा, पैसे संपेपर्यंत ओढू नका.

विक्रीला कृषी सेवा केंद्रवाला दोन-दोन महिन्यांची उधारी मागतो. आंध्रातल्या कंपन्यांना ती परवडते, तुम्हाला सुरुवातीला नाही. त्यापेक्षा बीज विकणाऱ्याला जोडून घ्या, बोटुकलीबरोबर पहिल्या महिन्याचं बारीक दाण्याचं खाद्य जायला पाहिजे. पोत्यावर निव्वळ वजन, एमआरपी, बनवल्याचा महिना, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि प्रोटीन-फॅट-फायबर-ओलावा छापा. माशांच्या खाद्याला भारतीय मानक आयएस १६१५० आहे, कार्पचा त्यात वेगळा भाग आहे, तुमचे आकडे त्याच्याशी ताडून घ्या.

पैशाचं थोडक्यात. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत (२०२० ची) दिवसाला २ टनाच्या छोट्या मिलला ३० लाख प्रकल्प खर्च धरलेला आहे, अनुदान सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. सध्या अर्ज चालू आहेत का ते मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. काहीतरी खरंच नवीन असेल तर बायरॅकची (बायोटेक उद्योगांना मदत करणारी केंद्र सरकारची संस्था) बिग ग्रँट बघा, १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत मिळतात, पण त्यांना कल्पना नवीन पाहिजे, नुसती मिल टाकायला ती नाही. आणि अनुदान येणार म्हणून आधीच मशीन बुक करू नका, बॅंकेचं व्याज अनुदानाची वाट बघत नसतं.

माल बाजारात गेला की संशोधनवाल्याला सोडून देऊ नका. प्रत्येक लॉटचं १ किलो खाद्य बंद डब्यात, लॉट नंबर लिहून, किमान ४ महिने बाजूला ठेवायचं. कुठल्या तळ्यावरनं "तुमच्या पोत्यानं मासे मेले" असा फोन आला की त्याच दिवशी दोघांनी जायचं, एकानं पहाटेचा डीओ, अमोनिया मोजायचा, दुसऱ्यानं त्या लॉटचा नमुना लॅबला द्यायचा. बऱ्याच वेळा पहाटे ऑक्सिजन कमी पडलेला असतो किंवा रात्री लाइट गेल्यावर एरेटर बंद पडलेला असतो, पण ते मोजून दाखवावं लागतं, तोंडी सांगून कुणी ऐकत नाही. आणि दोष आपल्या लॉटचाच निघाला तर त्या लॉटची राहिलेली सगळी पोती दुकानांतून स्वतःच्या गाडीनं परत उचलायची, बिल नंतर बघू.